टपालातला संसार

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव ठाऊक नाही असं घर आमच्या कल्याण-डोंबिवलीत शोधून सापडायचं नाही. शाळेची वक्तृत्व स्पर्धा, महिला मंडळाचं हळदीकुंकू, आठ मार्चचा कार्यक्रम, सगळीकडे त्यांची आठवण निघते आणि बहुतेकदा त्याच चार-पाच वाक्यांत आटोपते. कल्याणची मुलगी, नवव्या वर्षी लग्न, नवऱ्याला बायकोला शिकवायचं वेड, अमेरिकेत जाऊन डॉक्टर, परत येताच मृत्यू. मग तो किस्सा येतोच. इतरांच्या घरी बायकोनं स्वयंपाक केला नाही म्हणून नवरा मारतो. गोपाळरावांनी मात्र ती अभ्यास सोडून स्वयंपाकघरात सापडली म्हणून मारलं. श्रोते हसतात. सांगणाराही हसतो.

मला त्या किश्श्याचं हसू येत नाही, आणि त्याचं कारण आनंदीबाईंची पत्रं. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारख्या जुन्या ग्रंथालयात काशीबाई कानिटकरांनी १८८९ साली लिहिलेलं आनंदीबाईंचं चरित्र मागून पाहावं. मराठीत स्त्रीनं लिहिलेल्या पहिल्या मोठ्या चरित्रांपैकी ते एक. ते उभं आहे ते पत्रांच्या आधारावर. दोन वर्षांच्या वर एक नवरा-बायको हजारो मैलांच्या अंतरानं राहिले आणि त्यांचा संसार टपालातून चालला. भांडणं टपालातून, रुसवे टपालातून, कौतुकही टपालातून. समोरासमोर जे कधी बोललं गेलं नसतं ते त्या पाकिटांतून गेलं.

गंमत अशी की या संसाराचा धनी टपाल खात्यातलाच. गोपाळ विनायक जोशी मूळचे संगमनेरचे. कल्याणच्या टपाल कचेरीत कारकून म्हणून होते तेव्हा त्यांची पारनाक्यावरच्या जोश्यांशी ओळख झाली. गणपतराव जोश्यांचं घर म्हणजे जुनं जमीनदारी घराणं, मोठा वाडा, पण काळ पडता. ३१ मार्च १८६५ ला जन्मलेली यमुना ही त्यांची मुलगी. त्या वेळचं कल्याण अगदीच झोपलेलं नव्हतं. १८५४ सालीच गाडी ठाण्याहून पुढे कल्याणपर्यंत आली होती, यमुनेच्या जन्माच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८६४ मध्ये, गावात सार्वजनिक वाचनालय निघालं होतं, आणि १८६५ मध्येच थळ घाटातून रेल्वे वर इगतपुरीला पोचली. खाडीच्या काठचं हे बंदर हळूहळू जंक्शन होत होतं. मुलींच्या वाट्याला मात्र त्यातलं काहीच येत नव्हतं. ना वाचनालय, ना गाडी.

गोपाळराव बिजवर, वयानं जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. त्यांनी लग्नाला एकच अट घातली, मुलीला मी शिकवणार आणि त्याला घरच्यांनी आडकाठी करायची नाही. ३१ मार्च १८७४ ला, नऊ वर्षं पुरी झाली त्याच दिवशी, यमुनेची आनंदी झाली. माहेरचं आडनाव जोशी, सासरचंही जोशी. बदललं ते तिचं पहिलं नावच.

शिकवणं सुरू झालं आणि त्याबरोबर बदल्याही. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता. टपाल खात्याच्या नोकरीत आणखी काय असणार! नव्या गावात नवरा बायकोला बरोबर घेऊन फिरायला जातो, तिच्या हातात पुस्तक असतं, म्हणून लोक खिडक्यांतून बघत, टोमणे मारत, कधी त्याहून वाईट वागत. मधल्या काळात चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता असं त्यांना कायम वाटत राहिलं. चौदा वर्षांच्या मुलीच्या मनातला तो विचार पुढे कुठे जाऊन पोचला हे आपण जाणतोच, पण त्या वेळी ते दुःख ऐकायला तिच्याजवळ कोण होतं असा प्रश्न मला पडतो. आईची माया हे उत्तर सहज सुचतं. आनंदीबाईंनी मात्र स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे की आई आपल्याशी कधी मायेनं बोलली नाही, आणि तिच्या शिक्षा दोरीच्या फटक्यांवर थांबत नसत, त्यात दगड, काठ्या आणि पेटते कोळसेही असत. पारनाक्याच्या वाड्याकडे बघताना हेही लक्षात ठेवावं लागतं.

अमेरिकेची कल्पना आधी गोपाळरावांची. कोल्हापूरला असताना १८७८ मध्ये त्यांनी वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला शिकवायला तुमच्या देशात आणायचंय, मला काही काम मिळेल का, असा साधारण मतलब. वाइल्डरसाहेबांनी ख्रिस्ती व्हायचा सल्ला दिला. गोपाळरावांना तो मानवला नाही. हा पत्रव्यवहार साहेबांनी आपल्या मिशनच्या मासिकात छापून टाकला आणि विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. पुढे १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणी दंतवैद्याकडे आपली पाळी यायची वाट बघत बसल्या होत्या. हाताशी होतं म्हणून त्यांनी ते मासिक चाळलं. एका अनोळखी हिंदू मुलीला शिकायचंय आणि तिच्यापुढे धर्म बदलायची अट ठेवली जातेय, हे त्यांना खटकलं. घरी जाऊन त्यांनी पत्र लिहिलं.

आनंदीबाईंच्या आयुष्यातलं खरं वळण मला इथे दिसतं. गोपाळरावांच्या पत्रानं सुरुवात झाली खरी, पण कार्पेंटरबाईंना उत्तर आनंदीबाईंनी लिहिलं आणि मग लिहीतच राहिल्या. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी, शिकून घेतलेल्या इंग्रजीत, समुद्रापलीकडच्या बाईला आपले सण, रीतीभाती, घरातल्या गोष्टी, तब्येतीच्या तक्रारी कळवते. कार्पेंटरबाईंना ती मावशी म्हणू लागली. मराठीत मावशी या शब्दाला किती ऊब आहे ते वेगळं सांगायला नको. सख्ख्या आईकडून जे मिळालं नाही ते या मुलीनं टपालातून मिळवलं.

कलकत्त्याजवळच्या श्रीरामपुरात (आपल्या नगरकडचं नव्हे, हुगळीकाठचं) त्यांचा मुक्काम असताना निर्णय झाला. गोपाळरावांना नोकरी सोडून बरोबर जाणं जमेना, तेव्हा त्यांनी बायकोनं एकटीनं जावं असं ठरवलं. अठरा पुरी होत आलेली ब्राह्मण विवाहिता एकटी बोटीनं परदेशी जाणार, ही गोष्ट त्या काळी कानांवर विश्वास बसू नये अशीच. चर्चा इतकी झाली की २४ फेब्रुवारी १८८३ ला आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभं राहून इंग्रजीत भाषण केलं. लोक विचारत होते ते सहा प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेलाच का, इथे शिकायची सोय नाही का, एकटीच का, जातीनं वाळीत टाकलं तर काय, संकट आलं तर काय, आणि कोणत्याच बाईनं न केलेली गोष्ट तूच का करावीस. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन, अशी हमी त्यांनी दिली आणि ती अक्षरशः पाळली. ते भाषण वाचताना एक जाणवतं, की बोलतेय ती स्वतः. शिकवून पाठवलेली पोपटपंची अशी नसते.

दागिने मोडले, पैसे उभे राहिले आणि ७ एप्रिल १८८३ ला ‘सिटी ऑफ कलकत्ता’ बोटीनं त्या निघाल्या. बरोबर काही मिशनरी बायका होत्या. त्यांनी प्रवासभर धर्मांतराचा विषय काढला आणि आनंदीबाईंनी प्रवासभर तो परतवला. ४ जून १८८३ ला न्यूयॉर्क. धक्क्यावर मावशी उभ्या होत्या.

आता पत्रांचं गणित बघा. त्या वेळी हिंदुस्थानातून सुटलेलं टपाल सुएझमार्गे युरोपात, तिथून आटलांटिक ओलांडून अमेरिकेत जायला महिना-सव्वा महिना सहज लागे. म्हणजे आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दोन-अडीच महिन्यांनी. तोवर विचारणाऱ्याचा राग निवलेला आणि उत्तर देणारीचा नुकताच पेटलेला. बायकोला ताप आलाय हे नवऱ्याला कळेपर्यंत ती बरी होऊन दुसऱ्यांदा आजारी पडलेली. आणि इथे तर नवरा टपालाच्या धंद्यातला, कोणती बोट कधी सुटते आणि कधी लागते याचा हिशेब मुखोद्गत असणारा. पत्राला उशीर झाला तर त्याला कारण सांगून फसवायची सोय नव्हती.

ज्या फिलाडेल्फिया शहरात आनंदीबाई शिकायला गेल्या, ते नवरा-बायकोच्या पत्रांच्या बाबतीत आधीच इतिहासात गेलेलं आहे. अमेरिका स्वतंत्र व्हायच्या धामधुमीत, १७७४ पासून पुढे, जॉन ॲडम्स हा मॅसॅच्युसेट्सचा वकील तिथल्या काँग्रेसमध्ये प्रतिनिधी म्हणून बसत होता. पुढे तो अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याची बायको ॲबिगेल तिकडे बोस्टनजवळच्या ब्रेनट्रीमध्ये शेत, गडीमाणसं, चार मुलं आणि लढाईच्या बातम्या यांच्यात एकटी. दोघांमधली अकराशेहून अधिक पत्रं आजही जपलेली आहेत. त्यांत राज्यकारभार आहे, बाजारभाव आहेत, देवी टोचून घ्यायची धास्ती आहे, मुलांचे धडे आहेत. ॲबिगेल शाळेत कधी गेली नव्हती. १७७६ च्या मार्चमध्ये तिनं नवऱ्याला बजावलं की नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका आणि नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता ठेवू नका. नवऱ्यानं ते हसण्यावारी नेलं. ती घरी, तो फिलाडेल्फियात, आणि विनंती करणारी ती.

शंभर-सव्वाशे वर्षांनी त्याच शहरात कल्याणची ही मुलगी आली तेव्हा मांडणी उलटी झालेली होती. घराबाहेर, मोठ्या कामासाठी, ती. घरी पत्राची वाट बघत, तो. त्या काळच्या महाराष्ट्रात असं दुसरं घर माझ्या तरी माहितीत नाही. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही अशा समाजातल्या मुलीला आता दर टपालाला नवऱ्याशी बोलायचं होतं, तेही हातात लेखणी घेऊन. आणि नवऱ्यालाही, बायकोला शिकवायचं म्हणजे पुढे एक दिवस ती आपल्याला उत्तरही देणार, हे या पत्रांतूनच पहिल्यांदा कळलं असावं.

फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज १८५० साली केवळ स्त्रियांना डॉक्टर करण्यासाठी निघालेलं होतं. प्रमुख होत्या रेचेल बॉडली. त्यांनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीची व्यवस्था केली. मावशी पोचवायला आल्या, डोळे पुसत परत गेल्या, आणि पहिला हिवाळा सुरू झाला. खोलीतली शेगडी नीट पेटत नसे. धूर सोसा किंवा थंडी सोसा, एवढीच निवड. शाकाहार सोडायचा नाही, कुंकू सोडायचं नाही, साडी सोडायची नाही. स्वयंपाक स्वतः करायचा आणि त्यातून उरलेल्या वेळात शरीरशास्त्र. अशक्तपणा, डोकेदुखी, ताप हे नेहमीचंच झालं. मध्ये घटसर्पानं गाठलं. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि बर्फात ते सोसत नाही म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीनं पायघोळ नेसायला सुरुवात केली.

एवढ्याशा बदलानं श्रीरामपुरात वादळ झालं. ज्या गृहस्थांनी जग अंगावर घेऊन बायकोला बोटीत बसवलं, त्यांना तिनं साडी वेगळ्या तऱ्हेनं नेसलेली खपली नाही. मग आणखी शंका. ती बदलली का, आपल्याला विसरली का, तिकडच्या लोकांत जास्त रमली का. गोपाळरावांची पत्रं एका टपालाला कौतुकाची तर दुसऱ्या टपालाला कुत्सित. त्यात शिकवण आहे, टोचणी आहे, स्वतःच्या एकटेपणाची आदळआपटही आहे. मी ती वाचताना कधी चिडतो, कधी त्यांची कीवही येते. आयुष्यभर बदली आणि भांडण या दोनच गोष्टी केलेल्या माणसानं एकच मोठं काम हाती घेतलं होतं, आणि ते काम आता त्याच्या हाताबाहेर, सात समुद्रांपलीकडे आपलं आपण वाढत होतं.

आनंदीबाईंनी या पत्रांना उत्तरं दिली. बहुतेकदा शांतपणे, कधी दुखावून. पण एका पत्रात त्या थांबल्या नाहीत. लग्नानंतरच्या वर्षांचा हिशेबच त्यांनी नवऱ्यापुढे ठेवला. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं फेकून मारलीत, सोडून जाण्याची धमकी दिलीत, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा केल्यात. वय आणि शिक्षा, वय आणि शिक्षा, अशी ती यादी आहे. त्या वयात ते अंगानं आणि मनानं किती जड गेलं असेल हे त्या विचारतात. हिंदू बाईला नवऱ्यापुढे बोलायचा अधिकार नसतो म्हणून आपण सोसलं, हेही सांगतात. आणि लगेच, तुमच्यामुळेच मी इथवर आले, हे ऋणही मान्य करतात. दोन्ही एकाच पत्रात. एकानं दुसरं खोडलेलं नाही.

हा हिशेब वाचल्यावर तो किस्सा परत ऐकून बघा. ती दहा वर्षांची होती, एवढं एकच वाक्य त्याला जोडलं की सभागृहात कुणी हसणार नाही.

अनेक जण म्हणतात की मारलं म्हणूनच ती शिकली. हे वाक्य मी शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून, डोंबिवली फास्टच्या डब्यातसुद्धा, ऐकलंय. मला ते पटत नाही. मार खाऊन फार तर पाढे पाठ होतात. एकटीनं बोट धरणं, मिशनऱ्यांना नम्रपणे नाही म्हणणं, परक्या बाईला मावशी करणं, कॉलेजच्या अधिकाऱ्यांना आपली बाजू पटवणारं पत्र लिहिणं, ही माराची फळं नव्हेत. आणि तरी गोपाळराव नसते तर पारनाक्याच्या त्या मुलीला अक्षरओळख झाली असती का? बहुधा नसती. हा पेच आनंदीबाईंनी स्वतःही सोडवलेला दिसत नाही, मग आपण कशाला घाई करा. नवऱ्याला देव करणारे आणि त्याला राक्षस करणारे, दोघंही त्यांच्या पत्रातलं अर्धं वाक्य गाळतात.

लांबच्या टपालाची ही एक करामत असावी. आमच्या लहानपणी डोंबिवलीतल्या चाळींतून आखाती देशांत नोकरीला गेलेल्या नवऱ्यांची पत्रं येत. इकडून जाणाऱ्या निळ्या आंतरदेशीय-परदेशी कागदांवर बायका दुपारी आवराआवर झाल्यावर लिहायला बसत. घरात सासूसमोर, दिरासमोर जे बोलता येत नसे ते त्या घडीच्या कागदात मावत असे. लिहिणाऱ्याला समोरच्याचे डोळे दिसत नाहीत, म्हणून धीर येतो.

१८८५ मध्ये गोपाळराव नोकरी सोडून, ब्रह्मदेशाकडून पूर्वेच्या वाटेनं मजल दरमजल करत अमेरिकेत पोचले. दोघं एका शहरात आली आणि साहजिकच एकमेकांना लिहायची गरज संपली. त्यामुळे शेवटच्या वर्षाबद्दल नवरा-बायकोची पत्रं मुकी आहेत. ॲडम्स दांपत्याचंही तसंच. नवरा घरी आला की पत्रव्यवहार तुटतो, वाचणाऱ्याला घराबाहेर उभं राहावं लागतं. एवढं मात्र नक्की की गोपाळराव आल्या आल्या व्याख्यानं देत फिरू लागले, त्यांत अमेरिकन समाजाची आणि मिशनऱ्यांची खरडपट्टी काढू लागले. ज्यांनी आनंदीबाईंना सांभाळलं होतं त्यांची त्यामुळे कुचंबणा झाली. तोंडी परीक्षा, दवाखान्यातलं काम, प्रबंध आणि हे सगळं, एकाच वेळी.

त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानच्या केई ओकामी, मध्ये नाहीतर कडेला बसलेल्या सीरियाच्या सबात इस्लामबुली, आणि साडीतल्या आनंदीबाई. तिघींनी आपापल्या देशाचा पोशाख घातलाय. आनंदीबाईंचा चेहरा थकलेला वाटतो, पण नजर सरळ आहे.

११ मार्च १८८६ ला त्यांना एम. डी. पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवस जगलेल्या त्या मुलाची आठवण विषय निवडताना आली नसेल असं कोण म्हणेल. पंडिता रमाबाई समारंभासाठी खास इंग्लंडहून आल्या. कोल्हापूर संस्थानानं आल्बर्ट एडवर्ड इस्पितळातल्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. ज्या कोल्हापुरातून आठ वर्षांपूर्वी गोपाळरावांनी पहिलं पत्र टाकलं, तिथेच डॉक्टर म्हणून परत जायचं होतं. त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुलीही डॉक्टर झाल्या. दार एकाच वेळी दोन बाजूंनी ढकललं जात होतं.

पण शरीरानं साथ सोडलेली होती. बोस्टनच्या इस्पितळात अनुभवासाठी त्या गेल्या, फार दिवस राहू शकल्या नाहीत. रोग क्षयाचा होता. ऑक्टोबर १८८६ मध्ये दोघं न्यूयॉर्कहून निघाली आणि १६ नोव्हेंबरला मुंबईला उतरली. स्वागत मोठं झालं. बहिष्काराची भीती जिला घातली होती तिला बघायला सनातनी घरांतलेही लोक आले. औषधोपचारासाठी त्यांना पुण्यात ठेवलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला त्या गेल्या. बावीस पुरी व्हायला महिनाभर होता. कोल्हापूरच्या त्या इस्पितळात एकही रोगी त्यांनी तपासला नाही.

त्यानंतर आठवडाभरातच, मार्च १८८७ मध्ये, मुंबईच्या न्यायालयात रखमाबाईंच्या खटल्याचा निकाल लागला. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली, आणि पुढे इंग्लंडला जाऊन त्याही डॉक्टर झाल्या. त्यांनी नवऱ्याविरुद्धची आपली बाजू वर्तमानपत्रांतून आणि न्यायालयातून मांडली. आनंदीबाईंनी ती फक्त नवऱ्यापुढेच, बंद पाकिटात मांडली. दोघींची वयं जवळजवळ सारखी.

मग ती बंद पाकिटं उघडली कोणी? अमेरिकेत कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्येच इंग्रजीत चरित्र लिहिलं. इकडे काशीबाई कानिटकर लिहायला बसल्या तेव्हा गोपाळरावांनी आपल्याजवळची पत्रं त्यांच्या स्वाधीन केली. यात ज्या पत्रात लाकडाचे तुकडे आणि खुर्च्या आहेत तेही होतं. ते सहज फाडून टाकता आलं असतं, चूलही पेटलेली असणार. त्यांनी का नाही फाडलं याचा मी बराच विचार केलाय. विक्षिप्त माणूस, लपवाछपवी स्वभावात नव्हती, हे एक कारण असेल. पुढे १८९० मध्ये याच गोपाळरावांनी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह बड्या मंडळींना बोलावलं, समोर चहा-बिस्किटं आली, आणि नंतर कोणी काय घेतलं याची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. प्रायश्चित्तांचा मोठा गदारोळ झाला. दुसऱ्यांचं झाकलेलं उघडं करणारा माणूस स्वतःचंही झाकत नव्हता, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

काशीबाईंचाही विचार मनात येतो. वयानं त्या आनंदीबाईंपेक्षा चारच वर्षांनी मोठ्या. त्याही लग्नानंतर, नवऱ्याला शिकलेली बायको हवी म्हणून, लिहायला-वाचायला शिकलेल्या. एका बाईनं लपवून सोसलेलं दुसरी बाई वाचते, आणि ते छापायचं की नाही हे ठरवते. त्यांनी छापलं म्हणून आज आपल्यापर्यंत आलं. पुढे श्री. ज. जोशींच्या १९६८ सालच्या ‘आनंदी गोपाळ’ कादंबरीनं, नंतर नाटकानं, मालिकेनं आणि २०१९ च्या चित्रपटानं ही कथा घराघरांत नेली. गोपाळराव या सगळ्यांत फार रंगतदार दिसतात, लेखकाला मोह होणारच असं ते पात्र आहे. अंजली कीर्तने यांनी १९९७ मध्ये लिहिलेलं ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ आणि मीरा कोसंबी यांचं पत्रांवरचं काम यांनी लक्ष पुन्हा त्या मुलीच्या हस्ताक्षराकडे वळवलं. ज्यांच्या घरात दहावी-बारावीच्या मुली आहेत त्यांनी कादंबरीबरोबर हीही पुस्तकं आणावीत, एवढीच माझी शिफारस.

शुक्रावरच्या एका विवराला आज आनंदीबाईंचं नाव आहे. पण त्यांच्या अस्थींचं काय झालं हे कल्याणात फारसं कुणी सांगत नाही. गोपाळरावांनी त्या रोझेलच्या मावशींकडे पाठवल्या. कार्पेंटरबाईंनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकीप्सी गावी, आपल्या घराण्याच्या दफनभूमीत त्या पुरल्या आणि वर दगड बसवला. शिकण्यासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाची नोंद त्यावर आहे. आजूबाजूला मावशींच्या घरचीच माणसं आहेत.